चालवणाऱ्याशी बोलायचं नाही

आमच्या घरात गाडी सुरू झाली की तोंडं बंद होतात. पाहुणे हसतात. माझा नवरा लग्नानंतर पहिल्यांदा बाबांच्या गाडीत बसला तेव्हा सगळे आपल्यावर रुसलेत असं समजून बिचारा दिवसभर कोमेजून गेला होता. पण नियम म्हणजे नियम. चाक फिरायला लागलं की चालवणाऱ्याशी बोलायचं नाही. भूक लागली तरी नाही, उलटी आली तरी नाही. लहानपणी मागच्या सीटवर मला मधमाशी चावली होती. गाडी थांबेपर्यंत मी ओठ दाबून नुसती डोळ्यांतून पाणी गाळत बसले. बाबांनी नंतर चुना लावता लावता एवढंच म्हटलं, "शाबास." अशा घरात मी वाढले.

नियम बाबांच्या कामातून आला. बाबा सोन्याच्या खाणीत नोकरीला होते, पण ते खाली उतरत नसत. ते वर, इंजिनघरात बसायचे. एका भल्यामोठ्या लोखंडी ढोलाभोवती गुंडाळलेला पोलादी दोर, दोराच्या टोकाला पिंजरा आणि पिंजऱ्यात माणसं. विहिरीसारख्या सरळ खोल भोकातून ही माणसं खाली सोडायची आणि पाळी संपली की वर ओढून घ्यायची, हे बाबांचं काम. बसल्या जागेवरून त्यांना पिंजरा दिसत नसे, माणसंही दिसत नसत. समोर एक तबकडी असे, तिच्यावर काटा, आणि डोक्याशी घंटा. खालचा माणूस तार ओढून ती वाजवायचा. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली सोड. तीन म्हणजे आत माणसं आहेत, जपून. बाबांनी तेवढेच ठोके उलट वाजवायचे, समजलं म्हणून, आणि मगच दांड्याला हात घालायचा. घंटा ऐकू आली नाही तर आभाळ कोसळलं तरी दांडा हलवायचा नाही.

दोर हलत असताना दोरवाल्याशी कुणी बोलायचं नाही, मोठ्या साहेबानेसुद्धा नाही. शेजारच्या खाणविहिरीवरच्या दोरवाल्याने एकदा कुणाच्या तरी "काय, कसं काय?" ला मान वळवून उत्तर दिलं होतं. तेवढ्यात पिंजरा, दोर ज्यावरून फिरतो त्या वरच्या चाकाला जाऊन धडकला. त्या दिवशी बाबा घरी आले, जेवले नाहीत, आणि तो नियम आमच्या गाडीत येऊन बसला तो कायमचा.

खाण बंद होऊन जमाना झाला, पण बाबांची एक बढाई शिल्लक आहे. एकच, म्हणून आम्ही ती ऐकून घेतो. "माझ्या दोरावर कुणाला खरचटलंसुद्धा नाही."

या सुट्टीत तंबू घेऊन बाहेर पडायची कल्पना माझ्या नवऱ्याची. तो शाळेत व्यायामशिक्षक आहे. शिट्टी आणि सतरंजी मिळाली की त्याला दुसरं काही लागत नाही. एक रात्र तळ्याकाठी राहायचं, दुसऱ्या दिवशी परत. बाबांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "खाण तळ्यापासून जवळच आहे. परतताना थांबू. गाडी मी चालवतो." कुणी काही बोललं नाही. बोलायचं काय होतं? गाडी त्यांची, हात त्यांचे, आणि आजवर एक ओरखडा नाही.

निघताना माझ्या लेकीने हट्ट धरला की आजी मागे माझ्याजवळ बसणार. तिला घरात सगळे टिटवी म्हणतात. का ते तिला भेटल्यावर लगेच कळतं. नेहमी आई बाबांच्या शेजारी बसते. ती जरा घुटमळली, बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जा गं आई, बस मागे," मी म्हटलं आणि पुढे जाऊन बसले.

दुपारी रेल्वेचा रूळ आला. फाटक नसलेला, नुसता खांब, त्यावर दिवा आणि घंटा. दिव्यावर सरळ ऊन पडलं होतं, तो पेटलाय की विझलाय कळत नव्हतं. घंटा मात्र ठणठण वाजत होती. मला वाटलं, आता बाबा ब्रेक लावतील. खांब जवळ आला. आता लावतील. बाबांचा चेहरा नेहमीसारखा शांत होता, डोळे रस्त्यावर. गाडी रुळांवर चढली तेव्हा मी मान वळवली. टेकडीच्या खाचेतून इंजिन बाहेर आलं होतं आणि माझी खिडकी त्याने भरून गेली होती.

गाडी रुळांपलीकडे उतरली. मागून धडधडत मालगाडी गेली. लगेच वळण आलं आणि आरशात फक्त धूळ राहिली.

गाडीत एक शब्द उमटला नाही. माझा नवरा, आई, मी, आणि जिच्या जिभेला हाड नाही ती टिटवीसुद्धा. सगळ्यांच्या तोंडात मिठाची गुळणी. मी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती, आणि खरं सांगते, तेव्हाही डोक्यात हेच होतं की गाडी थांबू दे, मग बोलू.

पुढे चहाच्या टपरीवर गाडी थांबली. बाबांनी कप हातात घेतला आणि आमच्याकडे पाहिलं. "सगळे असे पांढरेफटक का पडलात?"

"ऊन लागलं," आई म्हणाली.

"मागून मालगाडी गेली वाटतं. बरं झालं वेळेत निघालो, नाहीतर तिथे ताटकळत बसावं लागलं असतं." त्यांनी चहात फुंकर मारली. मी माझा कप खाली ठेवला.

तंबू ठोकताना नवऱ्याने मला बाजूला घेतलं. "चावी काढून घ्यायला हवी. आजच्या आज."

"मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?"

"मुलगी तू आहेस."

"अडचणीच्या वेळी बरी मी मुलगी असते," मी म्हटलं. तो बाबांच्या मागे जाऊन उभा राहिला. बाबा पाठमोरे बसून तंबूच्या दोरीची गाठ मारत होते. नवऱ्याने शिट्टी तोंडात धरली आणि जोरात फुंकली. तळ्यापलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. बाबा गाठ मारत राहिले.

मला नवऱ्याचा असा राग आला की हातातली खुंटी त्याच्याकडे भिरकवावी. माणसाची पाठीमागून परीक्षा घ्यायची म्हणजे काय! पण राग त्याच्यावर नव्हता, हेही मला ठाऊक होतं. मी औषधाच्या दुकानात बसते. दिवसभर म्हाताऱ्याकोताऱ्यांना गोळ्यांच्या वेळा ओरडून सांगायची सवय. घरी येऊनही आवाज चढलेलाच असतो. आमचं बोलणं बाबांना ऐकू येत होतं, म्हणून मला वाटलं सगळंच ऐकू येतं. उतारवयात बारीक, चढे आवाज आधी जातात. घंटा, शिट्टी, हॉर्न. हे मी गिऱ्हाइकांना समजावून सांगते, आणि माझ्याच घरात मला ते दिसलं नव्हतं.

संध्याकाळी आई तळ्यावर भांडी घासत होती. मी शेजारी बसले.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

तिने पातेलं विसळलं. "मी शेजारी बसते ना नेहमी. मागून हॉर्न वाजला, कुठे घंटा वाजली की त्यांच्या गुडघ्यावर बोट टेकवते. एकदा टेकवलं की थांबतात. तोंडाने बोलायचं नाही, मग बोटाने बोलते. कान माझे, हात त्यांचे. बरी दोन वर्षं चाललंय आमचं."

"आणि कधी बोलला नाहीत यावर?"

"काय बोलायचं? आयुष्यभर कानांवर घर चालवलं त्या माणसाने. त्याला जाऊन सांगू, कान गेले तुमचे?" तिने विसळलेलं पातेलं पुन्हा विसळलं. "आज मी मागे बसायला नको होतं गं."

"उद्या सकाळी मी सांगते त्यांना. गाडीत बसायच्या आधी."

आईने ओल्या हाताने माझं मनगट धरलं. "खाण बघून होऊ दे. तिथवर मी पुढे बसते, रूळबिळ काही नाही त्या वाटेवर. तिथे त्यांना दोरवाले म्हणून जाऊ दे. मग सांग." मी हो म्हटलं. पण त्या रात्री टिटवीच्या अंगावर हात ठेवून पडले तेव्हा मला माझ्याच होकाराची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी कच्च्या वाटेने खाणीवर गेलो. पाहण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. वसाहतीच्या जागी झुडपं, ऑफिसच्या फक्त पायऱ्या, आणि चुरा केलेल्या दगडाचे पांढुरके ढीग, ज्यांवर गवतसुद्धा धरलं नव्हतं. विहिरीच्या तोंडावर काँक्रीटची लादी टाकून ती बुजवली होती. बाबा त्या लादीच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"सोनं कुठे आहे?" टिटवीने विचारलं.

"लोकांच्या गळ्यात," आई म्हणाली.

इंजिनघराचं अर्धं छप्पर गेलं होतं. उरलेल्या तुळयांवर कबुतरं बसली होती. ढोल मात्र जागच्या जागी होता, गंजलेला, माणसाच्या दुप्पट उंच. भंगारवाल्यांना तो हलवता आला नसावा. बाबांच्या बैठकीचा चौथरा होता, दोन दांडे होते, समोर काचेशिवायची तबकडी होती. बाबा चौथऱ्यावर चढले आणि त्यांची पाठ ताठ झाली. मी लहानपणी डबा घेऊन यायचे तेव्हा दारातून जी पाठ दिसायची, तीच.

"हा ब्रेकचा, हा वेगाचा," ते टिटवीला सांगू लागले. "आणि हे बघ, पाळी बदलताना दांडा असा सोडून जायचा नाही. नवा माणूस येऊन त्यावर हात ठेवणार. मी म्हणणार, दोर तुझा. तो म्हणणार, घेतला. तो घेतला म्हणेपर्यंत माझा हात दांड्यावरच."

"आणि तो म्हणालाच नाही तर?"

"मग घरी जायचं नाही. उभं राहायचं."

टिटवीला आता खेळायचंच होतं. घंटेची तार केव्हाच गेली होती, पण बाहेर विहिरीच्या तोंडाशी रुळाचा एक तुकडा साखळीने लटकत होता. जुन्या काळी तार तुटली की त्यावर ठोकून इशारा देत. बाबांनी तिला समजावलं. तिथे उभी राहा, दगडाने तीन ठोके दे, आणि तोंडाने ओरडायचं नाही. मी इथे पायाने तीनदा वाजवून उत्तर देतो, मग पिंजरा सुटला असं समज. ती धावत गेली. मला तेव्हाच तिला थांबवायला हवं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे, आणि दोघी उभ्याच राहिलो.

बाबांनी डावा हात ब्रेकवर ठेवला, उजवा दुसऱ्या दांड्यावर. नजर तबकडीवर, मान किंचित तिरकी.

बाहेर लोखंड खणखणलं. तीन ठोके, सगळ्या उजाड माळावर घुमणारे. बाबा तसेच बसून राहिले.

"सापडला नाही वाटतं तिला रुळाचा तुकडा," थोड्या वेळाने ते म्हणाले.

 नवरा खाली मान घालून बुटाच्या टोकाने माती उकरत होता. बाबांनी वर पाहिलं, आणि नेमके तेव्हाच पुन्हा तीन ठोके पडले. पहिल्या ठोक्याला तुळयांवरची कबुतरं फडफडून एकदम उडाली. बाबांनी ती उडताना पाहिली. मग त्यांनी आमचे चेहरे पाहिले.

"वाजली?" त्यांनी विचारलं.

"वाजली," आई म्हणाली.

"आधीपण?"

"हो."

त्यांनी दांड्यावरचे हात काढले नाहीत. ते तबकडीकडे पाहत होते, जिच्यावर काटाही उरला नव्हता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल रूळ ओलांडला तेव्हा वाजत होती?"

खाण बघून झाली होती. आता माझी पाळी होती.  "वाजत होती, बाबा. गाडी आपल्या अंगावर आली होती. थोडक्यात वाचलो."

"तू पाहिलीस?"

"माझ्या खिडकीत होती."

"आणि बोलली नाहीस?"

"चालवणाऱ्याशी बोलायचं नसतं, बाबा."

मी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. खरं होतं तेच म्हटलं. पण बाबा आतून हलले.  "टिटवी कुठे बसली होती?"

"माझ्या मागे."

"त्याच बाजूला?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. मला त्यांना मिठी मारायची होती आणि त्यांच्या अंगावर ओरडायचंही होतं.  आई चौथऱ्यावर चढून त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"ती शांतता कशासाठी होती, माहिताय?" बाबा हळू म्हणाले. "घंटा ऐकू यावी म्हणून. ज्याला घंटाच ऐकू येत नाही, त्याच्याभोवती सगळ्यांनी गप्प बसायचं… मी काय करून ठेवलं हे."

टिटवी धापा टाकत दारात आली. "आजोबा! मी दोनदा वाजवली! तुम्ही उत्तरच दिलं नाही! पिंजरा का नाही सोडलात?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.  "मला घंटा ऐकू आली नाही, बाळ. ऐकू आली नाही तर दांडा हलवायचा नाही. म्हणून नाही हलवला."

"मग बरोबर केलंत," टिटवी म्हणाली.

"इथे बरोबर केलं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी दांडे सोडले.

आम्ही गाडीपाशी आलो. बाबा सवयीने चालवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले. नवरा गडबडला, माझ्याकडे बघू लागला. मला वाटलं, झालं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पण बाबांनी चावी लावली नाही. दार उघडं ठेवून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते नुसते बसून होते. कशाची वाट बघतायत ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

मी वाकून स्टिअरिंगवर हात ठेवला, त्यांच्या हाताशेजारी.

"दोर तुझा," बाबा म्हणाले.

ते दोन शब्द ऐकायला मी तयार नव्हते. काल रात्रभर मी चावी मागायची भाषणं मनात जुळवली होती. घ्यायची वेळ आली तेव्हा मला ती नको झाली. मला परत मागच्या सीटवर जायचं होतं, मधमाशी चावलेली मुलगी होऊन. बाबांचा हात स्टिअरिंगवरून हलला नव्हता. मी म्हणेपर्यंत तो हलणार नव्हता.

"घेतला," मी म्हटलं.

ते उतरले, गाडीला वळसा घालून पलीकडे माझ्या शेजारी बसले. आई मागे टिटवीजवळ बसली. "आता मला आयुष्यात पहिल्यांदा गाडीत गप्पा मारता येतील," ती म्हणाली, पण गाडी सुरू झाल्यावर तीही गप्प होती. सवय अशी एका दिवसात जात नाही.

दुपारी तोच रूळ आला. ऊन त्याच जागी, दिव्यावर. घंटा वाजत होती. मी बऱ्याच अलीकडे गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. बाबा पुढे वाकून खांबाकडे बघत होते. घंटेचा छोटा हातोडा भराभर हलत होता. त्यांना तो नुसता हलताना दिसत होता. मग टेकडीच्या खाचेतून मालगाडी आली. इंजिन, मग डबे, मग आणखी डबे. गाडीच्या काचा थरथरत होत्या. बाबा एकेका डब्याबरोबर मान वळवत होते. शेवटचा डबा गेला तरी ते तिकडेच बघत राहिले.

"कालची एवढीच होती?"

"एवढीच होती."

ते मागे वळले. टिटवी खिडकीला नाक लावून झोपली होती. त्यांनी मागे हात नेऊन तिचं डोकं अलगद काचेपासून दूर केलं आणि आजीच्या खांद्यावर टेकवलं. मग सरळ बसले. हातोडा थांबला होता. मी चावीला हात घातला नाही. का कोण जाणे, मी थांबले.

बाबांनी बोटाच्या पेराने समोर डॅशबोर्डवर ठोकलं. एक, दोन, तीन.

मी स्टिअरिंगवर तेवढेच ठोके दिले. त्यांना ऐकू गेले नसणार, पण ते माझ्या बोटांकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, आणि मी गाडी सुरू केली.